नावडतीची भाजी

नावडत्या भाज्यांची यादी मी वयाच्या सातव्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, पाटीवर लिहून आईला दाखवली होती. कारले, दुधी, दोडका, पडवळ, घोसाळे, शेपू, सुरण, मेथी आणि अळू. यादी संपली तेव्हा पाटीही संपली होती. आईने ती नीट वाचली आणि "शुद्धलेखन बरं आहे हो तुझं," एवढाच अभिप्राय देऊन ती पुन्हा चुलीकडे वळली. त्या रात्री पानात दुधी होता.

आवडत्या भाज्यांची यादी करण्याची गरजच नव्हती. तीत एकटा बटाटा होता. आमच्या आजीला हे मुळीच मान्य नसे. "बटाटा ही का भाजी? तो तर परका!" असे ती म्हणे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला, हे आजीला कोणी सांगितले नसावे. पण तिचा अंदाज अचूक होता.

आमचे बिऱ्हाड पुण्याच्या नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांचा नियम एकच, पण पोलादी. पानात वाढलेले टाकायचे नाही. त्यामुळे माझी सारी बुद्धी भाजी नाहीशी करण्याच्या कामी लागली. दोडक्याच्या फोडी आमटीच्या वाटीखाली दडवणे, कारल्याची काचरी पाण्याच्या घोटाबरोबर क्विनीनच्या गोळीसारखी गिळणे, पडवळाचे तुकडे चड्डीच्या खिशात घालून वाड्याच्या दाराशी येणाऱ्या गाईला नेऊन देणे, हे सर्व प्रयोग मी केले. गाईने पडवळ आनंदाने खाल्ले. कारल्याची काचरी मात्र तिने हुंगली आणि मान फिरवली. त्या दिवसापासून गाय ही खरोखरच पूज्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

या यादीतले पहिले नाव खोडले ते पानशेतच्या पुराने. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला राहणाऱ्या आत्याकडे धावलो. दिवसभर पोटात काही नव्हते. आत्याच्या एवढ्याशा खोलीत संध्याकाळपर्यंत सतरा माणसे गोळा झाली होती. रात्री तिने हातावर भाकरी ठेवली आणि भाकरीवर चण्याची डाळ घातलेला दुधी. मी तो खाल्ला आणि आणखी मागितला. आईने माझ्याकडे पाहिले आणि एकदम पदर डोळ्यांना लावला. ती वाहून गेलेल्या संसारासाठी रडते आहे असे मला वाटले. आज वाटते, दहा वर्षांच्या पोराने दुधी मागून घ्यावा, याचेच तिला रडू आले असेल.

शेपूचे नाव खोडले गेले दिल्लीत. १९७३ साली मी नोकरीसाठी करोलबागेत एका खोलीत राहत होतो. जेवण खानावळीत. राजमा, छोले आणि माझा लाडका बटाटा रोज मिळे, आणि तरीही जेवलो असे वाटत नसे. थंडीतल्या एका संध्याकाळी भाजीच्या हातगाडीजवळून जाताना एक ओळखीचा वास आला. मी थबकलो. ज्या वासाने मी लहानपणी नाकाला रुमाल लावून ओसरीवर पळत असे, तोच तो! भाजीवाला म्हणाला, "सोया है, बाबूजी." आपल्या शेपूला तिकडे सोया म्हणतात. मी एक जुडी घेतली, स्टोव्हवर मुगाची डाळ घालून काहीतरी शिजवले. मीठ जास्त पडले, डाळ कच्ची राहिली. पण डोळे मिटून घास घेतला की मी नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात असे. जिभेपेक्षा नाकाची आठवण पक्की असते, हे त्या दिवशी कळले. ज्यापासून पळत होतो ते घर होते, हेही कळले.

अशी एकेक करीत यादी आखडत गेली. मेथी खानावळीने शिकवली, अळू लग्नाच्या पंगतींनी, सुरण एका मित्राच्या आईने. शिल्लक राहिले ते कारले. आणि कारल्याच्या बाबतीत माझा निश्चय झाला होता, की ते खायचे नाही. माणसाला एखादी तरी नावड हवी. तिच्यामुळे व्यक्तिमत्त्वाला धार येते, असे माझे तेव्हाचे तत्त्वज्ञान होते.

१९७७ च्या मे महिन्यात माझे लग्न झाले. आमची ही मालवणकडची. आताचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता. रत्नागिरी जिल्ह्यातच तो मुलूख मोडे. मुलगी पसंत पडल्यावर बोलता बोलता आई तिला म्हणाली होती, "तसा खाण्यापिण्याचा काही त्रास नाही हो त्याचा. फक्त कारलं चालत नाही." ही मान खाली घालून "बरं," म्हणाली. झाले! त्या एका "बरं"वर पुढची बावीस वर्षे आमच्या घरात कारले आले नाही.

याचा मला केवढा अभिमान! मित्रांना मी सांगत असे, "आमच्याकडे कारल्याला प्रवेशबंदी आहे." आमच्या लग्नात कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' दोन जणांकडून आले होते. त्यातल्या कितीतरी पाककृती घरात झाल्या. कारल्याकडे मात्र कोणी फिरकले नाही. बायको समजूतदार मिळाली, घर माझ्या मनासारखे चालले आहे, एवढेच मला दिसत होते.

दर वर्षी ती मुलाला घेऊन माहेरी जात असे. मी तिला स्वारगेटवर एस. टी.त बसवून देई आणि पंधरा दिवसांनी उतरवून घेई. मला रजा नसे. खरे सांगायचे तर, रजा असली तरी मी ती दुसऱ्या कामासाठी राखून ठेवी. १९९९ साली सासूबाईंची प्रकृती जरा नरम असल्याचे पत्र आले, म्हणून मी पहिल्यांदाच दिवाळीचे आठ दिवस तिकडे राहिलो.

कोकणातली नरकचतुर्दशी मी त्या वर्षी प्रथम पाहिली. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपुढे अंगणात कारीट ठेवतात. हे एक लहानसे, अंड्याएवढे रानफळ. कारल्याच्याच कुळातले आणि कडूपणात त्याला मागे टाकणारे. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडायचे, म्हणजे नरकासुराचा वध झाला, आणि मग त्याचा रस जिभेला लावायचा. सगळ्या घराने तो लावला. मीही बोटाचे टोक जिभेला टेकवले आणि माझा चेहरा असा काही झाला की अंगणातली पोरेटोरे खदखदून हसली. त्यानंतर नव्या तांदळाचे पोहे आले. गोडे, तिखट, दुधातले, ताकातले. त्या कडवटपणानंतर गोड्या पोह्यांना जी चव आली, ती मला पुण्याच्या कुठल्याही फराळात आलेली आठवत नाही.

दुपारी पंगत बसली. सासूबाईंना उठू नका असे सगळे सांगत होते, तरी त्या काठी टेकत चुलीपाशी गेल्याच होत्या. परड्यातल्या मांडवावरची कारली त्यांनी स्वतः काढून आणवली होती. ओले खोबरे आणि गूळ घातलेली ती भाजी त्यांनी एका वाटीत घेतली आणि थेट मुलीच्या पानात वाढली. माझ्या पानाकडे त्या वळल्याही नाहीत. जावयाची ख्याती तिथवर पोचलेली होती.

मी हिच्याकडे पाहत होतो. बावीस वर्षे मी हिला जेवताना पाहत आलो होतो. पण ती अशी जेवते हे मला ठाऊक नव्हते. भातात भाजी कालवून ती खाली मान घालून, कोणाशी न बोलता खात होती. भाजी संपली. तिने वाटी पुढे केली. सासूबाईंनी पुन्हा वाढले आणि मायेने विचारले, "पुण्याक कारली गावनत नाय काय गे?"

पुण्याला कारली मिळत नाहीत का ग? साधा प्रश्न. मुलगी दर खेपेला कारल्यावर अशी तुटून पडते, तेव्हा पुण्यात कारली पिकत नसणार, असा त्या माउलीने हिशेब केला होता.

ही क्षणभर थांबली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. "गावतत गे आये," ती म्हणाली, "पण थयली बरी नसतत."

माझा घास हातातच राहिला. महात्मा फुले मंडईची ती दगडी इमारत १८८६ सालापासून पुण्याला भाजी पुरवते आहे. तिच्या आवारात कारल्यांचे ढीग कसे लागतात हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या नावडीवर पांघरूण घालण्यासाठी माझ्या बायकोने त्या साऱ्या मंडईला नावे ठेवली होती.

त्या रात्री ओटीवर पडल्या पडल्या मला भोंडल्याचे ते कारल्याच्या वेलाचे गाणे आठवले. आमच्या वाड्यात नवरात्रात मुली फेर धरून ते म्हणत. सून माहेरी जायची परवानगी मागते, आणि सासू तिला अडवते. आधी वेल लाव म्हणते, मग तो वाढू दे, मग कारली लागू देत, मग भाजी कर. लहानपणी त्या सासूचा मला राग येई. पण तिने निदान सुनेला वेल तरी लावायला सांगितला होता. मी हिचे कारलेच माहेरी ठेवून यायला लावले होते, आणि तेही तोंडाने एक शब्द न काढता.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी परतताना एस. टी.त विचारले.

"काय सांगायचं त्यात?"

"स्वतःपुरती तरी करायची होतीस."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "एकटीसाठी कढई कोण लावतं हो?"

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी मी पिशवी घेऊन मंडईत गेलो. कारली कशी पारखावीत हे मला कुठे ठाऊक? गाळ्यावरच्या बाईंनी विचारले, "पांढरी देऊ का हिरवी, साहेब?" कारल्यातही पसंतीला वाव असतो, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले. मी दोन्ही पाव पाव किलो घेतली. घरी पिशवी ओट्यावर उपडी केली, तेव्हा हिने आधी कारल्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"कोणाला आणलीत?"

"आपल्याला."

"तुम्ही खाणार?"

"खाईन."

"डॉक्टरांनी सांगितलं का?" तिचा आवाज एकदम घाबरा झाला. मधुमेह निघाल्याखेरीज पुरुष कारल्याला हात लावत नाही, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. पुढे आमच्या शेजाऱ्यांनीही माझी त्याच सुरात विचारपूस केली. एकाने तर पहाटे रस कसा काढावा हे शिकवले. मी फक्त भाजी खातो आहे, औषध नव्हे, आणि कारले हे डॉक्टरांच्या गोळीच्या जागी घ्यायचेही नसते, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली.

पहिल्या दिवशी खाल्लेली काचरी मला आजही आठवते. वाचकहो, उगाच खोटे कशाला बोलू? ती भयंकर लागली. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी ते कडूच, असे म्हणणारे शहाणे होते, असे वाटले. पण पानातले मी टाकले नाही. अण्णा असते तर खूश झाले असते.

स्वभावाप्रमाणे मी पुस्तकांतही शोध घेतला. कडू चव ही निसर्गाने दिलेली धोक्याची घंटा आहे, कारण पुष्कळशा विषारी वनस्पती कडू असतात. लहान मुलांची जीभ या बाबतीत मोठ्यांहून हळवी असते. तेव्हा सातव्या वर्षीची माझी पाटी अगदीच निराधार नव्हती. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एका रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी "काय कडू आहे!" म्हणून ओरडला, आणि फॉक्सला स्वतःला कसलीच चव लागेना. एकाच पदार्थाची चव दोन जिभांना वेगळी लागते, आणि ती आईबापांकडून वारशाने येते, हे त्यातून पुढे आले. त्यामागचे जनुक २००३ साली सापडले. हे वाचून मी मोठ्या ऐटीत हिला म्हणालो, "बघ, दोष माझा नव्हता. जनुकाचा होता."

"असेल," ही म्हणाली. "पण 'माझ्या घरात आणायचं नाही' हेसुद्धा जनुकच म्हणालं होतं का?"

मी पुस्तक मिटले.

मात्र एक गोष्ट मला त्या वाचनाने दिली. न आवडणारा पदार्थ मुलांना थोडा थोडा, सक्ती न करता, दहापंधरा वेळा चाखायला दिला, तर पुष्कळदा तो आवडू लागतो. मी स्वतःला मूल समजून घ्यायचे ठरवले. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, कारल्याच्या दिवशी मी बारीकशी फुली करू लागलो. हीसुद्धा इरेला पडली. कधी चिरून मीठ लावलेल्या कुरकुरीत काचऱ्या, कधी चिंचगुळातली रसभाजी, कधी दाण्याचे कूट आणि तीळ भरलेली भरली कारली. मीठ चोळल्याने कडू पाणी सुटते हे सर्व गृहिणी जाणतात. पण मीठ जिभेला कडूपणाच कमी जाणवू देते, हे मला नव्याने कळले. एकदा मी उत्साहाने मीठ लावलेल्या फोडी पिळायला घेतल्या. ही ओरडली, "अहो, बास! सगळं कडू पिळून काढलंत तर मग दुधीच का नाही खायचा?"

त्या वाक्याने माझी गाठ सुटली. तोवर मी कारल्यातले कडू सहन करीत होतो. ते वगळून उरलेले कारले शोधत होतो. अकराव्या फुलीच्या दिवशी, भरल्या कारल्याचा घास वरणभाताबरोबर घेतला, आणि कडू आधी आले, मग गूळ, मग तिळाचा खमंगपणा, आणि शेवटी पुन्हा थोडेसे कडू, पण आता ते ओळखीचे वाटले. मी काही बोललो नाही. वाटी पुढे केली. हीही काही बोलली नाही. तिने वाढले.

पुढे एकदा पावसाळ्यात, कारलीच चिरता चिरता, हिने सहज विचारले, "तुमच्या आईंना कुठली भाजी आवडायची हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. अण्णांना भरली वांगी आवडत. चातुर्मासात वांगे वर्ज्य, म्हणून चंपाषष्ठीची ते कशी वाट पाहत, हे मी सांगू शकतो. आजीला सुरण, धाकट्या भावाला भेंडी, मला बटाटा. आणि आईला? ती सर्वांच्या मागून जेवायला बसे. कढईत जे उरलेले असे ते तिच्या पानात. बटाट्याची भाजी कधीच उरत नसे. मी पाटीवर नऊ नावे लिहून तिच्यापुढे धरली होती. तिची यादी विचारावी, असे मला तिच्या हयातीत एकदाही सुचले नाही. १९८८ साली ती गेली. तिला ओळखणारे आता कोणी उरलेले नाही. दुधी तिचा आवडता असेल का? पुराच्या रात्री माझ्या हातावरच्या दुधीकडे पाहून तिने पदर डोळ्यांना लावला होता. पण तो माझा तर्क झाला. तर्काने भाजी कळते, माणूस कळत नाही.

या दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब आले आहेत. नात सहा वर्षांची आहे. तिने पहिल्याच जेवणात, "आजोबा, मला पडवळ नाही आवडत," असे जाहीर केले. मी तिला म्हटले, "नको आवडू दे. एक फोड चाख, आणि उरलेली मला दे." गाईची जागा आता मी घेतली आहे.

मग मी सूनबाईला विचारले, "तुला काय आवडतं ग? उद्या मंडईत जाणार आहे."

"मला काहीही चालतं, बाबा."

"चालतं नको. आवडतं काय?"

ती जरा लाजली. "शेवग्याच्या शेंगा," ती म्हणाली. "पण नको बाबा, ह्यांना त्यांचा वासही चालत नाही. घरी मी आणतच नाही."

स्वयंपाकघरात ही पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी तिच्याकडे. वारसा कशाकशाचा जातो, ते पुस्तकात सगळे लिहिलेले नसते.

चिरंजीव बाहेर दिवाळी अंक वाचत लोळले आहेत. उद्या सकाळी सातला त्यांना उठवून मंडईत न्यायचे मी ठरवले आहे. शेंगा कशा पारखायच्या हे त्यांना ठाऊक नसणार. गाळ्यावरच्या बाई सांगतील. पिशवी मी देईन.